वाडीमागचं रान तोडीला द्यावं का? पर्जन्यवन राखण्याची खरी कारणं हवी आहेत

कड्याखालचा

मंडळी, आमचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात, अगदी सह्याद्रीच्या कड्याखाली. वाडीच्या मागे उतारावर घराण्याचं सामाईक रान आहे. सातबाऱ्यावर आजोबांच्या जागी आता बरीच नावं चढली आहेत. वरच्या घळीत अंजनी, जांभूळ, पिसा, मधूनच जुने बेहडे आणि सातवीण. भर दुपारीही तिथे जमिनीवर ऊन पडत नाही. खालच्या अंगाला ऐन, किंजळ, कुंभा.

यंदा तोडीचा ठेकेदार येऊन गेला. सगळं रान एकरकमी मागतोय. दोन चुलतभावांचं म्हणणं असं की देऊन टाकू, जेसीबीने साफ करून काजूची, वेंगुर्ला-७ जातीची कलमं लावू. त्यांच्यावर माझा राग नाही. एकाच्या मुलीचं शिक्षण चाललंय, दुसऱ्याचं घर गळतंय. गणपतीत सगळे येतील तेव्हा बैठक ठरली आहे.

मला रान राखायचं आहे. पण नुसतं 'निसर्ग जपा' म्हटलं तर बैठकीत कोणी ऐकणार नाही, आणि का ऐकावं? उष्णकटिबंधातलं सदाहरित जंगल का राखायचं, याची तपासून पाहता येतील अशी कारणं सांगा. विरोधातले मुद्देही मोकळेपणाने मांडा.

पानगळ

प्राणवायू! अॅमेझॉन जगाला २० टक्के प्राणवायू देतं म्हणतात. सह्याद्रीही त्याच जातीचा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत एका सिलिंडरसाठी लोक कुठे कुठे धावले ते सगळ्यांनी पाहिलंय. भावांना तेवढंच विचारा.

अधिक_उणे

@पानगळ, तळमळ पोचली, पण हा मुद्दा बैठकीत नेऊ नये. कोणी तपासला तर बाकीचे खरे मुद्देही पडतील. पूर्ण वाढलेलं जंगल जेवढा प्राणवायू सोडतं, जवळपास तेवढाच झाडांच्या श्वसनात आणि पाचोळा कुजवणाऱ्या बुरशी-जिवाणूंकडून परत खर्च होतो. अॅमेझॉनची निव्वळ बेरीज शून्याच्या आसपास येते. हवेतला २१ टक्के प्राणवायू कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे, तो एवढ्यात संपत नाही.

कार्बनचा मुद्दा मात्र पक्का आहे. झाड जळलं किंवा कुजलं की त्याच्या लाकडात अडकलेला कार्बन हवेत जातो, आणि जुन्या झाडात तो शतकभराचा साठलेला असतो. दुसरं म्हणजे जीवसृष्टी. पृथ्वीच्या जमिनीपैकी जेमतेम ६ टक्के भागावर पर्जन्यवनं आहेत आणि जमिनीवरच्या निम्म्याहून अधिक जाती तिथे राहतात असं मानलं जातं.

भाऊबंद

कोकणात निम्मी रानं वनखात्याने नाही, भाऊबंदकीने राखली आहेत. सगळ्यांच्या सह्या एका कागदावर येत नाहीत तोवर कुऱ्हाड पडत नाही. तुमच्या घराण्यात एक तरी अडून बसणारा काका असेलच, त्याला जपा!

पऱ्याकाठची

@भाऊबंद, :) आमच्याकडे अशी एक आत्या होती.

@कड्याखालचा, सगळ्यात आधी पाणी बघा. वाडीचं पाणी कुठून येतं? घळीतल्या झऱ्याचं असेल, तर बैठकीत पहिला विषय तोच घ्या. आमच्या शेजारच्या वाडीत वरचं रान गेलं आणि पुढच्या काही वर्षांत पऱ्या (ओढा) होळीच्या आतच आटायला लागला. आता एप्रिल-मे महिन्यात टँकर येतो. त्याचे पैसे लाकूड विकणारा देत नाही, अख्खी वाडी भरते.

जमाखर्च

मी विरोधातून लिहितो. झाडं स्वतःही पाणी पितात. दाट जंगल जमिनीतलं भरपूर पाणी ओढून हवेत सोडतं. जंगल तोडल्यावर ओढ्याचं पाणी वाढल्याची उदाहरणंही आहेत. मग 'जंगल म्हणजे पाणी' हे सरसकट कसं म्हणायचं?

जलधर

@जमाखर्च, प्रश्न योग्य आहे आणि उत्तर जागेप्रमाणे बदलतं. तोडीनंतर पाणी वाढतं ते बहुतेक पावसाळ्यात, पुराच्या रूपात. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाण्याला तोटाच नसतो. प्रश्न फेब्रुवारीनंतरचा आहे. तेव्हा झऱ्याला पाणी असेल की नाही, हे पावसाळ्यात जमिनीत किती मुरलं यावर ठरतं.

सदाहरित रानात पाऊस आधी पानांवर, मग खालच्या झुडपांवर, मग पाचोळ्यावर पडतो. खालची माती मुळांनी, वाळवीने, गांडुळांनी पोखरलेली असते. पाणी आत शिरतं. तेच उघड्या उतारावर थेंब सरळ मातीवर आपटतात, मातीचे बारीक कण भोकं बुजवतात आणि पाणी वरूनच पळतं. जेसीबी फिरला असेल तर माती दाबली जाऊन आणखी घट्ट होते. अशा ठिकाणी मुरणं कमी होण्याचं नुकसान झाडांच्या पिण्यापेक्षा जास्त पडतं.

हे घरच्या घरी तपासता येतं. तेलाचा पत्र्याचा डबा घ्या, तळ आणि झाकण कापून टाका. तो घळीतल्या मातीत चार बोटं ठोकून बसवा, एक कळशी पाणी ओता आणि मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. मग तेच शेजारच्या साफ केलेल्या जमिनीवर करा. भावांना सोबत घेऊन जा, त्यांच्या हातानेच ओतू द्या.

भटकी

@जलधर +१, डब्याची युक्ती आवडली. आम्हीपण करणार.

शास्त्रीबुवा

थोडं खटकतंय म्हणून लिहितो. संगमेश्वरच्या कड्याखालचं रान निमसदाहरित आहे. पर्जन्यवन म्हणजे केरळातलं सायलेंट व्हॅली, अॅमेझॉन, काँगो, बोर्निओ. महाराष्ट्रात फार तर आंबोली-तिलारीचा पट्टा त्यात बसेल. आपल्या रानाला जागतिक नाव चिकटवून उगाच वजन कशाला वाढवायचं?

बाई_वनस्पतीवाल्या

@शास्त्रीबुवा, वर्गीकरण बरोबर आहे. घळीतलं अंजनी-जांभूळ-पिसा हे सदाहरित आणि खालचं ऐन-किंजळ पानझडीकडे झुकणारं, असं मिश्र रान दिसतंय. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो.

खऱ्या पर्जन्यवनाला वर्षभर ओल मिळते. आपल्या उत्तर सह्याद्रीत पाऊस उदंड असतो, आंबोलीत वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर, पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि मग सात-आठ महिने कोरडे. अशा हवामानात सदाहरित झाडं टिकतात ती घळीतली सावली, खोल माती आणि एकमेकांच्या आडोशामुळे. अंजनीचं रोप उन्हात वाढत नाही, त्याला मोठ्या झाडाची सावली लागते. वरचं छत एकदा उघडलं की मार्च-एप्रिलच्या उन्हात जमीन तापते, रोपं करपतात आणि तिथे रानमोडी हे तण घुसते. ती वाळली की वणव्याला सरपण तयार. वणवा आला की उरलीसुरली रोपंही जातात. केरळच्या दक्षिण टोकाला जंगल जेवढ्या सहज सावरतं तेवढं आपल्याकडे सावरत नाही. आपण त्या पट्ट्याच्या कडेवर आहोत म्हणून आपली घळ जास्त नाजूक आहे.

ठेकेदार नेहमी सांगतो, 'तोडलं तरी दहा-पंधरा वर्षांत परत येतं.' ऐन, किंजळ यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. त्यांच्या बुंध्यांना जोमदार धुमारे फुटतात आणि कोकणात पिढ्यानपिढ्या तशी तोड होत आली आहे. पण घळीतलं सदाहरित रान तसं परत येत नाही. तिथे जे उगवतं ते हिरवं असतं, जंगल नसतं. कड्याखालचा, तुमच्या खालच्या भागाचा आणि वरच्या घळीचा विचार वेगवेगळा करा, असं मी सुचवेन.

शास्त्रीबुवा

@बाई, हे पटलं. नावाचा हट्ट सोडतो.

गरुडखूण

बेहडे आहेत म्हणालात म्हणून विचारतो, एखाद्याला ढोली आहे का? आमच्या गावात एका जुन्या बेहड्यात गरुडाचं (महाधनेशाचं, म्हणजे मोठ्या हॉर्नबिलचं) घरटं आहे. मादी आत बसते, ढोलीचं तोंड चिखल-विष्ठेने लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. पुढचे कित्येक आठवडे नर एकटा फळं आणून भरवतो. गळ्यातून एकेक उंबर, एकेक रानजायफळ वर काढून फटीतून देतो. नर मेला तर आतलं सगळं कुटुंब धोक्यात.

त्या झाडाखाली जाऊन बघा. ढोलीच्या बरोबर खाली बियांचा ढीग असतो आणि पावसाळ्यात तिथे इतकी रोपं उगवतात की पाय ठेवायला जागा नाही. नर उरलेला वेळ रानभर फिरतो आणि बिया टाकत जातो. रानजायफळासारख्या मोठ्या बिया गिळून लांब नेणारे पक्षी फार थोडे आहेत. गरुड गेला तर ही झाडं स्वतःच्या बुंध्याखालीच अडकून पडतील. आणि एवढी ढोली तयार व्हायला झाड शंभर वर्षांचं तरी लागतं. जुना बेहडा ठेकेदाराच्या हिशेबात जळाऊ लाकूड असतो.

खाचरवाला

इथे सगळे रानाच्या बाजूने, म्हणून मुद्दाम लिहितो. मी गावात राहतो आणि शेती करतो. गवे भात तुडवतात. वानर-माकडं काजू, नारळ, केळी काही ठेवत नाहीत. आमच्याकडे निम्म्या लोकांनी नाचणी-वरी करणं त्यामुळेच सोडलं. भरपाईचे अर्ज, पंचनामे यात किती दिवस जातात ते आम्हाला विचारा. मुंबई-पुण्याहून येऊन 'जंगल राखा' सांगणं सोपं आहे. राखायचा खर्च कोण सोसतंय?

दोडामार्गकर

@खाचरवाला, तुमचा राग समाजता. आमच्याकडे तर हत्तीसुद्धा असत. २००२ साली कर्नाटकातसून इले ते अजून गेले नाय.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहितो. आमच्याकडे डोंगरच्या डोंगर साफ करून रबर लागलं. पैसा आला हे खरं. पण हत्ती-गव्यांच्या वाटा तुटल्या आणि ते माडाच्या बागांत जास्त उतरायला लागले. रान राखल्याने जनावरं येतात की रान तुटल्याने, याचं उत्तर आम्हाला तरी दुसरं दिसतं. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली. २०२० मध्ये तिलारीचं सुमारे ३० चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव झालं. हे व्हायला फार उशीर झाला.

आमच्याकडे हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची देवराई आहे. दलदलीत उभी असलेली झाडं, आणि गुडघा दुमडल्यासारखी चिखलातून वर आलेली त्यांची मुळं. चिखलात हवा मिळत नाही म्हणून मुळं श्वास घ्यायला वर येतात. ही राई टिकली ती देवाच्या धाकाने. तुमच्या घळीत देव असेल तर बघा.

पानगळ

@दोडामार्गकर, फोटो असतील तर टाका ना.

जमाखर्च

जंगलाने रोगही येतात हे कोणी बोलत नाही. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडतापाने माणसं गेली. काजूच्या बागेत काम करणारेच जास्त आजारी पडले होते.

अधिक_उणे

@जमाखर्च, खरं आहे, आणि त्यांना संरक्षण मिळायलाच हवं. माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात प्रथम सापडला. तो गोचिडांमधून येतो. मात्र माणूस आणि गोचीड यांची गाठ जास्त पडते ती जंगलाच्या कडेला, जिथे रान तोडून बागा घुसल्या आहेत, गुरं चरतात, पाला-लाकडासाठी रोज जाणं-येणं आहे. अखंड जंगलाच्या पोटात माणूस फारसा जातच नाही. जंगलाचे तुकडे केले की कडा वाढतात, आणि कडा वाढल्या की गाठीभेटी वाढतात.

औषधी

मी फार्मसीची, म्हणून माझा मुद्दा औषधाचा. सह्याद्रीच्या सदाहरित रानात 'नरक्या' नावाचं लहानसं झाड असतं. वास इतका घाण की कोणी परसात लावणार नाही. त्याच्यात कॅम्पटोथेसिन असतं. या रसायनापासून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगाची औषधं तयार झाली, पहिलं बीजकोशाच्या आणि दुसरं मोठ्या आतड्याच्या कर्करोगात वापरतात.

कॅम्पटोथेसिन प्रथम शोधलं ते एका चिनी झाडात, १९६६ मध्ये. शोधणाऱ्यांपैकी एक मनसुख वाणी, जन्म नंदुरबारचा. पुढे तेच रसायन आपल्या नरक्यात सापडलं. मग झालं काय, तर चोरटी तोड. सावंतवाडी, राधानगरीच्या रानांतून पोतीच्या पोती गेली आणि झाड दुर्मीळ झालं. लागवड झाली असती तर रानही राहिलं असतं आणि शेतकऱ्याला पैसाही मिळाला असता.

सदाफुली

@औषधी, छान माहिती. रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीचं आहे ना? तीही पर्जन्यवनातलीच.

औषधी

@सदाफुली, औषध बरोबर. सदाफुली मूळची मादागास्करची, पण ती मोकळ्या, उन्हाच्या जागेतली आहे. दाट पर्जन्यवनातली नाही. तिला या यादीत घेऊ नका. नरक्या पुरेसा आहे.

सिंगापूरची_माई

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. २०१५ साली आम्ही सिंगापूरमध्ये होतो. इंडोनेशियात सुमात्रा-कालिमंतानला दलदलीचं जंगल उपसून, जाळून जमीन मोकळी केली जात होती. त्या दलदलीत हजारो वर्षांचा कुजका पाला साठलेला असतो. एकदा पेटला की जमिनीखालून महिनोनमहिने धुमसत राहतो. सप्टेंबरमध्ये धुराची पातळी इतकी चढली की एक दिवस शाळा बंद ठेवल्या. माझी धाकटी रात्रभर खोकायची. समोरची इमारत दिसत नव्हती.

ती जमीन कशासाठी हवी होती? मोठा भाग पामतेलासाठी आणि कागदाच्या लगद्यासाठी. आणि जगात पामतेल सर्वात जास्त आयात करणारा देश आपला भारत. तेव्हापासून मी डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचते. बिस्किटं, फरसाण, बाहेरची चकली, सगळीकडे तेच. दिवाळीचा चिवडा आता शेंगदाणा तेलातच करते.

भाऊबंद

@माई, शेंगदाणा तेलातल्या चिवड्याची पाककृती वेगळ्या धाग्यात टाका, मी पहिला प्रतिसाद देतो.

जलधर

@माई, अवांतर अजिबात नाही. दूरच्या जंगलाचा संबंध पावसाशीही आहे. अॅमेझॉनमध्ये अटलांटिकवरून आलेली वाफ पाऊस होऊन पडते, झाडं ती परत हवेत सोडतात, तीच वाफ पश्चिमेला सरकून पुन्हा पडते. तिथल्या पावसाचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा असा पुन्हा फिरवलेला आहे. पुढे अँडीजला अडून ती वाफ दक्षिणेला वळते आणि ब्राझीलच्या शेतीला पाणी देते.

आपल्याकडेही हे आहे. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की नैर्ऋत्य मोसमी पावसात तामिळनाडूला मिळणाऱ्या पाण्यात पश्चिम घाटाच्या जंगलांनी सोडलेल्या वाफेचा मोठा वाटा असतो. आणि कृष्णा, भीमा, गोदावरी घाटमाथ्यावरच उगम पावतात. संगमेश्वरच्या उतारावरची घळ एवढीशी आहे, पण ती या पट्ट्यातलीच.

कड्यावरचा

दरडीचं कोणी लिहिलं नाही अजून. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं, दीडशेहून जास्त माणसं. २२ जुलै २०२१ ला तळिये. नंतर इर्शाळवाडी, आणि ३० जुलै २०२४ ला वायनाड. उतारावर वाडी आहे, वरचं रान तोडून जेसीबी लावणार म्हणता. मी असतो तर याच एका कारणाने नाही म्हटलं असतं.

शास्त्रीबुवा

@कड्यावरचा, सावधपणे बोलू या. दरड कोसळायला खडकाची ठेवण, मातीची जाडी, एका दिवसात पडलेला पाऊस अशी बरीच कारणं असतात. जंगल असलेल्या उतारावरही दरडी येतात. इर्शाळवाडीच्या वरचा डोंगर काही बोडका नव्हता. झाडांची मुळं वरचा एक-दोन मीटर थर धरून ठेवतात, खोलवरून सुटलेली दरड मुळं अडवू शकत नाहीत.

पण उतार खणून सपाट करणं, पाण्याच्या वाटा बुजवणं आणि मुळं कुजल्यानंतरची वर्षं, ही जोखीम नक्की वाढवतात. तोड झाल्यावर लगेच काही होत नाही. तीन-चार वर्षांनी जुनी मुळं कुजतात आणि नवी अजून धरलेली नसतात, तेव्हा उतार सगळ्यात कच्चा असतो. जेसीबीने उताराचा पायथा कापणं तर टाळाच.

रबरी

एक मुद्दा राहिला. आपण जे रोज खातो-वापरतो त्यातलं किती उष्ण जंगलांतून आलंय. मिरी सह्याद्रीची. काजू, अननस, कोको, रबर दक्षिण अमेरिकेचं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने अॅमेझॉनमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनला नेल्या. आशियातली बहुतेक रबर लागवड त्यांतून उगवलेल्या थोड्याशा रोपांच्या वंशातली आहे. दक्षिण अमेरिकेत पानांवर करपा पडून रबराच्या बागा टिकत नाहीत. तो रोग उद्या केरळात किंवा दोडामार्गात आला तर त्याला तोंड देणारी वाणं शोधायची कुठे? अॅमेझॉनमधल्या रानटी झाडांत. मिरीचंही तेच. जंगली मिरीचे वेल सह्याद्रीत आहेत तोवर नवं वाण काढायला कच्चा माल आहे.

गोंयकार_मराठी

आमच्या गोव्याचं सांगतो. मोलेच्या जंगलातून रेल्वेचा दुसरा मार्ग, वीजवाहिनी आणि महामार्ग असे तीन प्रकल्प आले तेव्हा २०२० मध्ये शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत लोक बाहेर पडले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. त्याच्या दोन वर्षं आधी, जानेवारी २०२० मध्ये, सत्तरीत वाघीण आणि तिचे बछडे विष घालून मारले गेले होते. ज्यांची गुरं वाघाने खाल्ली त्यांना वेळेवर पैसे मिळाले असते तर कदाचित तसं झालं नसतं. @खाचरवाला म्हणतात तो प्रश्न सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अधिक_उणे

त्यावर एका देशाने उत्तर शोधलंय. कोस्टा रिका. १९४० च्या दशकात तीन चतुर्थांश देश जंगलाखाली होता, १९८० च्या दशकापर्यंत तो पाव भागावर आला. १९९६ मध्ये त्यांनी वनकायदा केला: जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला सरकार दरवर्षी पैसे देतं, त्यातला मोठा वाटा इंधनावरच्या करातून येतो. सोबत जंगलाचं रूपांतर शेतीत करायला बंदी. आज तिथे निम्म्याहून जास्त देश पुन्हा जंगलाखाली आहे. गोमांसाचे भाव पडल्याने कुरणं सुटली, पर्यटन वाढलं, ही कारणंही होतीच.

रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खाजगी मालकीचं आहे. सरकारने कितीही अभयारण्यं केली तरी हे रान मालकाच्या मनावरच राहणार. मालकाला दरवर्षी काही मिळालं पाहिजे. ते भीक म्हणून नाही, खालच्या गावाला पाणी पुरवतो त्याचा मोबदला म्हणून.

खाचरवाला

@अधिक_उणे, हे बोललात ते खरं. असं काही असेल तर मी पहिला सही करीन.

बाई_वनस्पतीवाल्या

काजूवाल्या भावांसाठी एक गोष्ट. काजू-आंब्याच्या मोहोरावर फळ धरायला मधमाश्या, माश्या लागतात. सातेरी मधमाशी राहते ती जुन्या झाडांच्या ढोलीत आणि कपारीत, आणि बागेत मोहोर नसेल तेव्हा जगते रानातल्या फुलांवर. अंजनीच्या निळ्या फुलोऱ्यावर एकदा कान देऊन बघा. सगळं रान काढून फक्त काजू लावला तर वर्षातले नऊ-दहा महिने तिला खायला काय? शिवाय एकाच जातीच्या सलग बागेत ढेकण्या हा काजूवरचा किडाही फोफावतो, मग फवारणी, आणि फवारणीत उरलेल्या माश्याही मरतात. बाग रानाला लागून असणं हा फायदा आहे, तो स्वतःच्या हाताने घालवू नका.

भटकी

धागा वाचनखूण केला. @कड्याखालचा, गणपती होऊन गेले. बैठकीत काय झालं?

कड्याखालचा

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा. सगळ्यांचे मनापासून आभार.

बैठकीच्या आदल्या दिवशी पाऊस उघडला होता. डबा घेऊन चारही भाऊ वर गेलो. घळीत ओतलेली कळशी बघता बघता आत गेली, धाकट्याला वाटलं डबा गळतोय म्हणून त्याने तो काढून परत ठोकला. परत तेच. शेजाऱ्याच्या साफ केलेल्या जमिनीवर पाणी डब्यात तसंच उभं राहिलं, आम्ही चहा पिऊन आलो तरी अर्धं शिल्लक. ज्याचं घर गळतंय तो भाऊ पाणी कमिटीवर आहे. दुसऱ्या दिवशी बैठकीत झऱ्याचा विषय मी काढायच्या आधी त्यानेच काढला.

ठरलं ते असं. वरची घळ आणि झऱ्याच्या भोवतीचा सगळा उतार तोडीला द्यायचा नाही, जेसीबी वर चढवायचा नाही. खालचा ऐन-किंजळीचा पट्टा तुकड्यातुकड्याने, बुंधे राखून, परवानगी काढून तोडायचा, आणि त्यातून आधी घराचं छप्पर. काजूची कलमं वरकस पडीक जमिनीवर, जिथे पूर्वी नाचणी व्हायची. मुलीच्या फीसाठी आम्ही बाकीच्यांनी वर्गणी काढली आहे. एका चुलतभावाने अजून सही केलेली नाही. तो म्हणतो ठेकेदार पुढच्या वर्षी जास्त देईल. त्याला समजावणं चालू आहे.

@गरुडखूण, बेहड्याला ढोली आहे. खाली बियाही पडलेल्या आहेत. कोणत्या पक्ष्याची ते फेब्रुवारीत बघू.

आता एक व्यवहारी प्रश्न. घळीच्या कडेला दोन ठिकाणी रानमोडी माजली आहे. ती काढून तिथे काय लावू? रोपवाटिकेत सगळे काजू, साग आणि अकेशियाच दाखवतात.

बाई_वनस्पतीवाल्या

फार बरं वाटलं वाचून. साग-अकेशिया तिथे नको. रानमोडी फुलं येण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला, मुळासकट उपटा आणि तिथेच आच्छादन म्हणून पसरा. जाळू नका. उघड्या जागेत आधी उंबर, जांभूळ, आपटा आणि बेहडा लावा, ते ऊन सोसतात. त्यांची सावली पडायला चार-पाच वर्षं जातील, तोवर अंजनी-पिसा लावायची घाई नको. जांभळाचं बी साठवून चालत नाही, पडल्या पडल्या पेरावं लागतं. बेहड्याचं बी जानेवारी-फेब्रुवारीत गोळा करा, वरचा गर काढा, एक दिवस पाण्यात भिजवा आणि पिशवीत लावा. उन्हाळ्यात परसात पाणी घालायला कोणी आहे का तेवढं आधी बघा.

कड्याखालचा

काकू आहेत. त्यांना विचारून सांगतो.

गरुडखूण

बेहड्याचं बी लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्याकडे भरपूर पडतं. आणि फेब्रुवारीत ढोलीपाशी जाल तेव्हा लांबून, झाडाआडून बघा. मादी आत शिरायच्या दिवसांत माणसं वावरली तर जोडी घरटं सोडून जाते.